इद्दतीचा रकाना

मी एकदा मान हलवली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कॉलेजातल्या कोणाला तर नाहीच. एका म्हाताऱ्या माणसानं शाळेच्या जिन्यात मला अडवून विचारलं, "आपने उनके लिए बोला ना, सर?" आणि मी मान हलवली. हो अशी.

मी बोललो नव्हतो. जिच्यासाठी बोलायचं होतं तिची नोकरी दहा मिनिटांपूर्वी वरच्या खोलीत गेली होती, आणि ती जात असताना मी तिथंच, पाण्याची बाटली समोर ठेवून बसलो होतो. मला बोलायला सांगितलंही होतं. तरी नाही.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी नागपुरातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात शिकवतो. काय, तर माणसं काम कसं करतात ते मोजायचं कसं. मी स्वतः आयुष्यात काही बनवलं नाही, विकलं नाही, पिकवलं नाही. त्यामुळे हा विषय शिकवायला मला कधी अडचण आली नाही. आमच्या विभागात कोणालाच येत नाही. कॉलेजानं एक सल्लागार कक्षही काढलेला आहे. कक्ष म्हणजे मी, एक प्रिंटर आणि दारावरची पाटी. बाहेरून कोणी येऊन 'आम्हाला मोजून द्या' म्हणालं की आम्ही खूश.

एक दिवस एका ट्रस्टचे सचिव आले. त्यांच्या ट्रस्टच्या दोन संस्था: एक बिनव्याजी पतसंस्था आणि एक मुलींची उर्दू शाळा. पतसंस्था सभासदांचे छोटे छोटे पैसे गोळा करायची आणि अडीनडीला कर्ज द्यायची. व्याज नाही. इस्लाममध्ये ते चालत नाही, म्हणून कचेरीचा खर्च निघेल एवढाच आकार. शाळा त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरापासून ती इमारत स्कूटरनं दहा मिनिटं. इतकी वर्षं महालात राहून मी त्या वस्तीत गेलो होतो तो फक्त रमजानच्या संध्याकाळी, खायला. उभ्यानं खायचं, घरी यायचं आणि चार लोकांना सांगायचं, आपण काही तसले नाही बुवा. एवढ्यावर माझी पुरोगामी म्हणून ओळख होती.

सचिव बरीच वर्षं आखातात बांधकामाच्या धंद्यात काढून परत आलेले. येताना पैसा आणला होता आणि 'बेंचमार्क' हा शब्द. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "सर, जज़्बा बहुत है हमारे पास. नंबर नहीं है."

वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्याच आठवड्यात वर्गात वापरलं, माझं म्हणून.

शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी मात्र हसत सुटला. "काय बे, ते व्याजच नाही घेत, तर तू मोजतं काय?"

"सेवा मोजायची. परिणाम मोजायचा."

"म्हणजे भिशीले मार्क देतं तू. दे बाप्पा. तुले कोण अडवते!"

मी दोन-चार पुस्तकं चाळली, इंटरनेटवरचे लेख उतरवून घेतले आणि महिन्याभरात इस्लामी अर्थव्यवहाराचा जाणकार झालो. अडवायला खरंच कोणी नव्हतं. ट्रस्टमधल्या जाणत्या लोकांना वाटलं, कॉलेजचा माणूस आहे, मोजमाप त्याला कळत असणार. कॉलेजातल्यांना वाटलं, त्यांच्यात जाऊन आलाय, त्यांचं त्याला कळत असणार. अशा दोन गैरसमजांच्या मधल्या जागेत माझ्यासारख्यांचा संसार छान चालतो.

माझी पद्धत सोपी होती. प्रत्येक माणसाची एक ओळ. ओळीत रकाने, रकान्यात गुण, आणि शेवटी रंग: हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे नापास. पहिल्यांदा पडद्यावर दाखवली तेव्हा सचिव पुढे सरकून बसले. "हरा सबसे ऊपर? ये तो अपना ही रंग है, सर!" सगळे हसले. मीही हसलो आणि असं दाखवलं, जणू ते मी मुद्दामच केलं होतं.

पतसंस्थेचे व्यवस्थापक एक वयस्कर गृहस्थ होते. सगळी इमारत त्यांना चाचा म्हणायची. मीही म्हणू लागलो. पतसंस्थेची पहिली यादी रंगवून मी त्यांच्यासमोर ठेवली. ते चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले आणि एका लाल ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ये लाल ग़लत है, सर."

"हप्ता नाही आला चाचा. चार महिने नाही आला."

"ये इद्दत में है. इनके मियाँ गुज़र गए."

मला शब्द ऐकून माहीत होता, अर्थ नाही. त्यांनी समजावलं. नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस घरात राहते. बाहेर पडणं नाही, नटणं नाही, परक्या पुरुषाला भेटणं नाही. पतसंस्थेचा वसुलीचा माणूस त्या काळात तिच्या दारावर थाप मारत नाही. नोटीस पाठवत नाही, निरोपही नाही. "आपके यहाँ तेरह दिन होते हैं ना? वैसा समझिए. थोड़ा लंबा."

"आणि मग ती बुडवत नाही?"

चाचांनी चष्मा खाली घेतला. "सर, जिसको डुबाना है, वो शौहर के मरने की राह देखेगी?"

मी ओशाळलो आणि तक्त्यात एक रकाना वाढवला: इद्दत. त्यात खूण केली की ती ओळ हिशोबातून बाजूला व्हायची आणि राखाडी दिसायची. लाल नाही, हिरवी नाही. काही दिवस त्या बाईला कोणी मोजायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या एका रकान्यानं माझं भलं केलं. एका परिषदेत मी तीच राखाडी ओळ पडद्यावर लावली आणि समाजाच्या श्रद्धेला जागा देणारं मोजमाप वगैरे बोललो. पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांनी माना डोलावल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. चाचांचं नाव मी घेतलं नाही. व्याख्यानात अशा गोष्टींना जागा नसते. वेळ कमी असतो.

मग शाळेचं काम आलं. मी पतसंस्थेचा तक्ता उघडला आणि तोच शाळेसाठी वळवला. कर्जदाराच्या जागी शिक्षिका, हप्त्याच्या जागी हजेरी, वसुलीच्या जागी वर्गातलं निरीक्षण. नको ते रकाने काढून टाकले: सोनं तारण, जामीनदार, इद्दत. एका झटक्यात तिन्ही गेले. सल्लागारीची फी मात्र शाळेसाठी वेगळी लावली.

सोबत एक धोरणही लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं: वर्षअखेरीस लाल रंगात असलेल्या शिक्षिकेचा करार पुढे वाढवण्यात येऊ नये. हे वाक्य माझं आहे. सचिवांच्या खोलीत चहा येईपर्यंत लिहून झालं होतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "अब बात बनी."

शिक्षिकांना समजावून सांगायला शाळेच्या सभागृहात बैठक ठेवली. तीस-पस्तीस बायका, मागे मुख्याध्यापिका, बाजूला सचिव, दाराशी चाचा. मी तासभर बोललो. प्रश्न विचारा म्हटल्यावर तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. सचिव कौतुकानं म्हणाले, "ये हमारी मराठी वाली मैडम. सावनेर की हैं. आपसे आपकी ज़बान में बात करेंगी."

उर्दू माध्यमाच्या मुलींना ती मराठी शिकवायची. उभी राहिली ती आमच्याकडच्या अस्सल वऱ्हाडीत बोलायला लागली. माझ्यापेक्षा ती भाषा तिच्या तोंडात जास्त मोकळी होती. मी महालात वाढून, प्राध्यापक झाल्यावर, ती घासून घासून काढून टाकलेली.

"सर, एक पोरगी आहे. तिले वर्षभर 'बाळ' म्हणता नाही येत, 'बाल' म्हणते. मार्चमध्ये एक दिवस ती 'बाळ' म्हणते. हे कोणत्या खोक्यात टाकू जी?"

"अध्ययन निष्पत्तीत येईल ते."

"येईन ना. पण मार्चपर्यंत तर मी लालच राहीन?"

सभागृह हसलं. मुख्याध्यापिकांनी तोंडाला पदर लावला. मी पण हसलो, पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. ती बसली नाही.

"आन् सर, चाचा सांगून राहिले होते का पतसंस्थेत इद्दतीचं खोकं आहे म्हणून. आमच्या कागदात दिसून नाही राहिलं. काहून? मास्तरणीचा नवरा मरत नाही काय?"

आता तर बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या. ती चेष्टेत बोलली होती हे खरं, पण तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. सरळ उत्तर एवढंच होतं: राहून गेलं, घालतो. ते न देता मी म्हणालो, "मॅडम, तुमचे मिस्टर ठणठणीत आहेत ना? मग कागदावर कशाला मारता त्यांना?"

निम्म्या बायका हसल्या. निम्म्यांनी "तौबा, तौबा" केलं. ती स्वतःही हसली. "हो जी, ठणठणीत आहे. कळमेश्वरले फॅक्टरीत गेला आहे, संध्याकाळी येते. आला का सांगतो त्याले, सरनं तुमची चौकशी केली."

बैठक मोडल्यावर मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "वो कॉलम डाल देते तो..." मी "बघू" म्हणालो. 'बघू' या शब्दावर माझी निम्मी कारकीर्द उभी आहे.

तिचा नवरा त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर गेला. कळमेश्वरच्या कारखान्यात पोचला, कपडे बदलले आणि छातीत दुखतंय म्हणून बाकावर बसला. दवाखान्यापर्यंतही नेता आलं नाही. घरात ती आणि एक शाळकरी मुलगी. कमावणारी आता तीच. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. तिच्यासाठी काय पणाला लागलं होतं हे कळायला तक्ता लागत नव्हता.

सचिवांनी मला फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मैंने ख़ुद जाकर कहा, बेटी, आराम से इद्दत पूरी करो, स्कूल अपना है." ट्रस्ट ज्यांचा सल्ला घेत असे त्या मौलानांनी उलट सांगितलं होतं, म्हणे, की पोटाचा प्रश्न असेल तर बाईनं दिवसा कामावर येऊन अंधार पडायच्या आत घरी परतायला हरकत नाही. ती यायला तयार होती. सचिवांनीच नको म्हटलं. ट्रस्टच्या शाळेतली बाई इद्दतीत रस्त्यानं जाताना दिसली तर लोक काय बोलतील! म्हणजे धर्मानं दिलेली सवड एका माणसानं आपल्या अब्रूसाठी काढून घेतली. आणि त्याला मी कसली नावं ठेवू? मीही माझ्याच अब्रूसाठी पुढचं सगळं केलं.

त्या हिवाळ्यात वर्गांच्या निरीक्षणासाठी मी शाळेत जात होतो. जिन्यात मला सहावी-सातवीच्या मुली भेटायच्या, दोघीत मिळून एक जड कापडी पिशवी धरून उतरणाऱ्या. एकदा विचारलं, "कुठं निघालात?"

"मॅडम के घर."

दुसरी, मी मराठी माणूस म्हणून, जपून जपून म्हणाली, "सर, आमी वह्या नेतो. मॅडम तपासून देतात. उद्या आणतो."

मी एक वही उघडली. लाल शाईत सावकाश काढलेली अक्षरं होती. एका चुकलेल्या वाक्याखाली तिनं लिहिलं होतं: "हे परत वाच. मोठ्यानं वाच. मी नाही ऐकलं तर तुझे शेजारी ऐकतील."

आणि एक दिवस तर मी वर्गाच्या दारातच थबकलो. टेबलावर स्टीलचा पोह्यांचा डबा होता, डब्यात मुख्याध्यापिकांचा फोन. डब्यात ठेवला की आवाज मोठा होतो. त्या डब्यातून ती कविता शिकवत होती. घरी बसून फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेली. एक ओळ म्हणायची, मग गप्प राहायची, मुलींना म्हणायला जागा सोडून. मुली म्हणायच्या. पुढची ओळ. मध्येच डब्यातून, "मागच्या बाकावरच्या, तुमचा आवाज नाही आला मले," आणि मागचा बाक खरोखर दचकून सरळ बसला. अख्खा वर्ग खिदळला. मीही हसलो, दारात उभा राहून.

मग मी निरीक्षणाचा कागद काढला. त्यावर छापलं होतं: शिक्षिका वर्गात हजर आहेत का? मी लिहिलं, नाही. खाली गुण: शून्य.

कोणी माझा हात धरला नव्हता. कागदावर तिसरं काही लिहायला जागा नव्हती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. जागा होती. कडेला भरपूर कोरी जागा होती.

मार्चअखेर तक्ता पूर्ण झाला. शाळेत एकच ओळ लाल आली. इद्दत संपवून ती तोवर परत रुजू झाली होती, पांढऱ्या ओढणीत, वर्गावर जात होती. तिला कल्पनाच नव्हती.

ट्रस्टची बैठक वरच्या मजल्यावर भरली. सचिव, तीन विश्वस्त, मुख्याध्यापिका आणि मी. चाचा पतसंस्थेचे, म्हणून बाहेर. लाल ओळ आली तेव्हा मुख्याध्यापिका मान खाली घालून म्हणाल्या, "सर, ये तो इद्दत में थीं. काम तो करती रहीं, घर से."

एक विश्वस्त म्हणाले, "हमने ही तो कहा था घर बैठने को."

सचिव माझ्याकडे वळले. खरं सांगतो, त्या क्षणी ते वाट काढायलाच बघत होते. त्यांनाही ते जड जात असावं. "सर, आपके सिस्टम में इसका कुछ है क्या?"

होतं. त्याच लॅपटॉपमध्ये, शेजारच्याच फाइलमध्ये होतं. दोन वेळा बटण दाबायचं, रकाना इकडे आणायचा, एक खूण करायची. ओळ राखाडी झाली असती आणि ती बाई एप्रिलमध्येही मुलींना 'बाळ' म्हणायला शिकवत असती.

पण इद्दतीचा शब्द मी तोंडातून काढला असता, तर सचिवांना आणि मुख्याध्यापिकांना सभागृहातली माझी चेष्टा आठवली असती. तुमचे मिस्टर ठणठणीत आहेत ना? मुख्याध्यापिका समोरच बसल्या होत्या. त्यांनी तर रकाना घाला म्हणून सांगितलंही होतं. मला कबूल करावं लागलं असतं की तिनं विचारलं होतं, ते बरोबर होतं, आणि मी तिला तिच्या नवऱ्याच्या मरणावर विनोद करून बसवलं.

मी म्हणालो, "शाळेच्या आराखड्यात तसा रकाना नाही."

हे अगदी खरं होतं. इतकं खरं की कोणी उलट विचारलंच नाही. सचिवांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "पॉलिसी तो पॉलिसी है. एक के लिए तोड़ी तो सबके लिए टूटेगी." विश्वस्तांनी माना हलवल्या. चहा आला. सोबत बेकरीची खारी होती. मी खाल्ली.

उतरताना जिन्यात चाचा उभे होते. मुख्याध्यापिका डोळे पुसत माझ्या पुढून उतरून गेल्या होत्या, त्यावरून त्यांना निकाल समजला होता. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "आपने उनके लिए बोला ना, सर? इद्दत का तो आपको मालूम था."

मी मान हलवली.

"अल्लाह आपको अज्र दे," म्हणाले चाचा. देव तुमचं भलं करो, असं.

त्यानंतर मी त्या इमारतीत कामापुरताच गेलो आणि कंत्राट संपल्यावर गेलोच नाही. राखाडी ओळ मात्र माझ्याबरोबर सगळीकडे हिंडली. भोपाळला दाखवली, हैदराबादला दाखवली. ती दाखवून मी विद्यापीठाच्या एका समितीवर गेलो. आता आम्ही सगळ्याच शिक्षकांना कसं मोजावं याचं धोरण ठरवतो. समितीत बहुतेक माझ्यासारखेच आहेत. सगळ्यांना सगळ्यांचं मोजता येतं. जेवण चांगलं असतं.

मागच्या वर्षी सावनेरच्या एका कॉलेजात तोंडी परीक्षेला गेलो होतो. संपल्यावर बसस्टँडजवळच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायला थांबलो, तर मागून आवाज आला. तो आवाज मी डब्यातून ऐकला होता; वळायच्या आधीच ओळखला.

"सर? नागपूरचे सर ना जी तुमी?"

थोडी बारीक झाली होती. सोबत उंच झालेली मुलगी. नोकरी गेल्यावर नागपुरातली खोली परवडेना, म्हणून माहेरी आली होती. एका खाजगी बालवाडीत जात होती, दुपारी शिकवण्या घेत होती.

मी पैसे काढायला खिशात हात घातला, तोवर तिनं ठेलेवाल्याला देऊनही टाकले. "राहू द्या सर, आमच्या गावात आलात तुमी." मग मुलीला म्हणाली, "हेच ते सर. मी सांगत होती ना तुले?"

मुलीनं मला आदाब केला. मी पोह्यांची प्लेट हातात धरून उभा.

"चाचानं सांगतलं मले," ती म्हणाली. "तिथं सारे गप्प बसले, एकटे तुमीच बोलले माह्यासाठी. परके असून. सर, नोकरी गेली त्याचं वाईट वाटलंच, खोटं काहून बोलू? पण एक जण तरी बोलला, याच्यावर मी ते दिवस काढले. पोरीलेही तेच सांगितलं. सारे लोक तसे नसतात म्हणून."

मी काहीतरी म्हणालो. "अहो, त्यात काय," असं काहीतरी.

मग तिनं तिची अडचण सांगितली. शाळेनं सोडताना दिलेल्या दाखल्यावर एक ओळ होती: कामगिरी असमाधानकारक. चांगल्या शाळेत गेलं की मुलाखत होते, हसून बोलतात, दाखला बघतात आणि कळवू म्हणतात. सावनेरात दोन ठिकाणी झालं, कळमेश्वरला झालं. नवऱ्याच्या कारखान्याजवळच ती शाळा होती, तिथं लागलं असतं तर बरं झालं असतं, म्हणाली.

"तुमीच मोजलं होतं ना सर. तुमी चार ओळी लिहून द्या, का ते मार्क इद्दतीमुळे तसे पडले म्हणून. तुमच्या कॉलेजच्या कागदावर. बाकी मले काही नको."

"हो, हो. देतो. लगेच देतो," मी म्हणालो.

"घाई नाही जी. सवडीनं द्या."

पोहे चांगले होते. हेही सांगून टाकतो, कारण मी ते शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ले.

घरी आल्यावर लिहायला बसलो. पहिली ओळ पटकन झाली: सदर शिक्षिका कष्टाळू व विद्यार्थिप्रिय आहेत. अशा ओळी मी झोपेतही लिहू शकतो. पण तेवढ्यानं भागत नाही. वाचणारा विचारणार, मग असमाधानकारक कसं? त्याचं उत्तर द्यायचं तर लिहावं लागतं की मोजमाप चुकलं होतं, मला ते माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं, दुरुस्ती माझ्या हातात होती आणि मला विचारलंही होतं. मी दुसरी ओळ वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिली. 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहून पाहिलं. 'तत्कालीन आराखड्याच्या मर्यादेमुळे' असंही. मराठीत हात झटकायला किती तयार शब्द आहेत, आणि ते सगळे मला पाठ आहेत, हे त्या दिवशी कळलं.

तिचा एकदा फोनवर निरोप आला: "सर, झालं असेल तर सांगा, मी कोणाले पाठवतो." मी अंगठा पाठवला. पुन्हा एकदा ईदच्या शुभेच्छांखाली लिहिलं होतं, "ते चार ओळींचं लक्षात असू द्या." मी ईद मुबारक पाठवलं. मग निरोप यायचे थांबले. ती मला कामात बुडालेला भला माणूस समजत असणार. तिनं दुसरं काही समजावं असं मी काही केलेलं नाही.

ती अजून त्या बालवाडीत आहे. दाखल्यावरची ओळ तशीच आहे.

तिला मी चार ओळी देणं लागतो, कॉलेजच्या कागदावर, माझ्या सहीनं, 'तांत्रिक कारणास्तव' न लिहिता. आणि तिच्या मुलीसमोर तिला एक गोष्ट सांगणं लागतो: त्या खोलीत तुमच्यासाठी मुख्याध्यापिका बोलल्या, मी नाही.